बडदीनं मागितलेली डाळ

तरुबाला भट्टाचार्य हिच्या मुगाच्या डाळीचा वास सुटला की बंगालमधल्या काटोयाच्या त्या गल्लीतली माणसं चालता चालता थबकायची. आता गंमत ऐका. जन्मभर रांधलं या बाईनं, पण शिजत्या भांड्यातला थेंब कधी जिभेला लावून पाहिला नाही. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात पितळेचा गोपाळ बसलेला. त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, हा दंडक. त्यामुळं मीठ डोळ्यांनी, आलं नाकानं, आणि डाळ शिजली की नाही ते पळीवरून कशी घसरते त्यावरून. तिचा हात चुकल्याचं कुणाला आठवत नाही. चुकला असता तर सांगायला माणूस होतंच घरात.

ते माणूस म्हणजे बडदी, तिची थोरली जाऊ निस्तारिणी. घरात या दोघीच. दोघी जावा, दोघी विधवा, दोघी पांढऱ्या लुगड्यातल्या. बाकीचा गोतावळा कधीच पांगला होता. बडदीचा मुलगा अनादी दुर्गापूरच्या कारखान्यात, तो दुर्गापूजेला यायचा आणि मध्येच कधीतरी एखाद्या रविवारी.

तरू मूळची नवद्वीपच्या गोस्वाम्यांची मुलगी. कट्टर वैष्णव घर. तिथं मासा तर सोडाच, कांदा-लसूण आणि मसुरीची डाळसुद्धा उंबरा ओलांडून आत यायची नाही. लग्न करून ती काटोयाला आली तेव्हा असेल तेरा वर्षांची. सासरी रोज मासे, रोज कांद्याची फोडणी. पोर नुसत्या वासानं कावरीबावरी व्हायची. सासू मोठ्या मनाची होती. म्हणाली, राहू दे तिचं वेगळं, शिकेल हळूहळू, आयुष्य पडलंय. वर्ष सरायच्या आत नवरा विषमज्वरानं गेला. जे खायला पोर अजून शिकलीसुद्धा नव्हती, ते सगळं तिला कायमचं बंद झालं. कुणी म्हणालं, बरंच की, हिला सोडावं काही लागलं नाही.

मसूर ही साधी डाळ. गरिबाघरची, चटकन शिजणारी. पण आमच्याकडे विधवेच्या ताटात तिला जागा नव्हती. तिला बसवलेली मासामटणाच्या पंक्तीला. का म्हणून विचाराल तर म्हणे लाल असते, रक्त तापवते. डाळीनं रक्त तापतं म्हणे! चौदा वर्षांच्या पोरीला एकादशीला पाण्याचा घोट नाही, त्यानं मात्र कुणाचं रक्त तापलं नाही.

पुढं काही वर्षांनी थोरला दीरही गेला आणि बडदी पांढऱ्यात आली. ती तिशीतली, भरल्या संसारातली, सगळं खाऊनपिऊन सुखी असलेली बाई. तिला खरं जड जायला हवं होतं. पण बडदीनं एका दिवसात सगळं असं तोडलं की पुरोहितानं तोंडात बोट घालावं. आणि स्वतः तोडलं ते तोडलंच, वर तरूवर पहारा बसवला. तरू, हात धुतलेस का? तरू, ही वाटी कुठल्या चुलीवरची? तरू, त्या केतकीच्या दारात काय उभी होतीस, तिच्याकडे मासे तळत होते ना? सकाळपासून निजेपर्यंत तरू, तरू. तरूला उबग यायचा. कधीकधी मनात म्हणायची, या बाईच्या जिभेला कुलूप का लागत नाही एकदाचं.

तर कुलूप लागलं. बडदीला विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग तिथी, मग माणसं. बडदी हुशार, आपलं काय होतंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं. एकदा दुपारी तिनं तरूला पुढ्यात बसवलं, हात धरला आणि म्हणाली, "माझी मती फिरेल, पण माझा आचार फिरू देऊ नकोस. मी काही मागेन, तू द्यायचं नाहीस. मला शब्द दे." तरूनं दिला. त्या वेळी तिला वाटलं, यात काय मोठंसं, बडदी आणि भलतं मागेल?

त्यानंतर काही महिन्यांत बडदी तरूला विसरली. ऐंशी वर्षांची बाई मनानं पद्मा नदीपलीकडं पाबन्याला, बापाच्या घरी परत गेली. आता तो मुलूखही दुसऱ्या देशात आहे, पण तिला कोण सांगणार? त्या घरी स्वयंपाकाला एक ब्राह्मण विधवा ठेवलेली असे. तिला म्हणायचे बामुनदी. पांढरं लुगडं, कापलेले केस, हातात पळी. बडदीनं डोळे उघडले की समोर नेमकं तेच. ती तरूला हाक मारू लागली, "ए बामुनदी, आई कुठाय?"

तरू पहिल्यांदा हसली. म्हणाली, अहो बडदी, मी तरू. बडदीनं तिच्याकडं पाहिलं, नोकराकडं पाहावं तसं, आणि परत म्हणाली, आईला बोलाव. मग तरूनं दुसऱ्या दिवशी सांगून पाहिलं, तिसऱ्या दिवशी सांगून पाहिलं, सासूचं नाव घेतलं, दिराचं घेतलं, काही नाही. शेवटी तिनं सांगणं सोडलं. पण पदर डोळ्याला लावून ती चुलीपाशी बसून राहिली, तेव्हा जे तिच्या मनात आलं ते असं. गल्लीला ती काकीमा. वाण्याला मासीमा. अनादीच्या बायकोला छोटी सासू. माहेरची सगळी गेली. नवऱ्यानं तिला नावानं हाक मारली असेल-नसेल, तिला आठवतही नव्हतं. अख्ख्या जगात 'तरू' म्हणणारं एकच तोंड उरलं होतं, आणि ते आता तिला स्वयंपाकीण म्हणत होतं. तिला इतकं एकटं नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पौषाच्या थंडीत बडदीनं अन्न सोडलं. भात पुढं केला की तोंड फिरवायची. मुगाची डाळ दिली तर ओठ मिटून घ्यायची, आणि जबरदस्तीनं घातली तर थुंकायची. खजुराच्या नव्या गुळावर एके काळी जीव टाकणारी बाई, आता तोही नको म्हणू लागली. हाडं वर आली. आणि एके दिवशी सकाळी उन्हाला ओसरीवर बसवली असताना स्पष्ट म्हणाली, "बामुनदी, लाल डाळ दे ना गं. मसुरीची. आई देते ती."

तरूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग उठता-बसता तेच. लाल डाळ, लाल डाळ. बाकी काही पोटात नाही आणि मुखात हा एकच जप.

अनादी रविवारी आला तेव्हा तरूनं त्याला सगळं सांगितलं. वाटलं, मुलगा आहे, तो काय ते ठरवेल. अनादी म्हणाला, काकीमा, आता या वयात कसला आचार, द्या काय मागते ते. तरू म्हणाली, पण मी शब्द दिलाय. त्यावर तो म्हणाला, मग नका देऊ. आणि म्हणाला, तुम्हीच बघा ना काय ते, तुम्हाला तिचं सगळं माहीत. चहा पिऊन चारच्या बसनं तो गेलासुद्धा. राग यावा असा मुलगा नव्हता तो, पण तरूला त्या दिवशी त्याचा भयंकर राग आला.

दोन दिवस तिनं स्वतःशी भांडून काढले. द्यावी, तर शुद्धीतल्या बडदीनं जन्मभर सांभाळलेलं शेवटच्या चार दिवसांत आपल्या हातानं मातीत घालायचं. न द्यावी, तर ही समोरची पोर उपाशी मरणार. आणि मनाच्या तळाशी आणखी एक होतं, ते बोलायला तिला लाज वाटत होती. मला जन्मभर कांद्याच्या वासालासुद्धा उभं राहू दिलं नाहीत ना बडदी, आता तुम्हालाच हवी का? आलंच ते मनात. येणारच. तीही माणूसच.

तिसऱ्या दिवशी बडदीला उठून बसताना चक्कर आली. तरूनं पिशवी घेतली आणि ती भुवन साहाच्या दुकानात गेली.

भुवन वाण्याला या घरचं सामान पाठ. उकडा नसलेला तांदूळ, मूग, वाटाण्याची डाळ, सैंधव. तरूनं हळूच म्हटलं, थोडी मसूर दे. भुवननं तराजू खाली ठेवला. म्हणाला, मसूर? तुमच्याकडं? तरूनं पिशवी पुढं केली, तेव्हा तोच हसत म्हणाला, "काय मासीमा, या वयात तोंडाला उटणं लावताय की काय?" दुकानातली माणसं हसली. तरूनं मान हलवली, हो, उटणंच. डाळ पदराखाली घेऊन ती गल्लीत शिरली. हातातल्या पुड्याचं ओझं तिला तांदळाच्या पोत्याएवढं वाटत होतं.

गोपाळाच्या चुलीवर हे शिजवणं शक्यच नव्हतं. तिनं कुंभाराकडून मातीचं मडकं आणलं, ओसरीवर शेगडी पेटवली आणि बडदीच्या पलंगासमोरच मांडामांड केली. आता डाळ तिला नवी नव्हती. मूग, उडीद, हरभरा, वाटाणा, सगळ्यांचा स्वभाव तिला ठाऊक. मूग आधी भाजायचा म्हणून तिनं मसूरही भाजली. ती काळपटली. मग पाण्यात टाकली, तर बघता बघता सगळा लाल रंग गेला आणि मडक्यात पिवळट गरगटं राहिलं. दुसऱ्यांच्या ताटातली मसुरीची डाळ पिवळी असते ते तिनं पाहिलं होतं, पण ते हळदीमुळं असं ती जन्मभर समजत आली होती. हळद तर अजून हातातच होती. ज्या लालपणापायी एवढं सगळं, तो चार कढांत पळाला. तरू मडक्यात बघत राहिली. हसावं का रडावं तिला कळेना.

फोडणी काय द्यायची? तिच्या हाताला एकच फोडणी माहीत. तूप, जिरं, हिंग, आल्याचा ठेचा, वर चिमूटभर साखर. तीच दिली. मीठ डोळ्यांनी घातलं. वाटीत काढली, फुंकली आणि बडदीच्या ओठांना लावली.

बडदीनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तो तसाच लुगड्यावर सांडला. "ही आईची नाही," ती म्हणाली. "ही तुझ्या ताटातली आहे. विधवांची. मी नाही खायची."

तरू उठली. लुगडं बदललं, ओसरी पुसली. विधवांची! दोघींची मिळून विधवापणाची किती वर्षं होती, हे मोजायला गेलं तर बोटं पुरली नसती. तिला वाटलं, आत्ता या क्षणी हे मडकं घेऊन नदीत टाकावं आणि आपणही घाटाच्या पायरीवर बसून राहावं.

पण ती परत बडदीपाशी येऊन बसली. आवाज मऊ करून तिनं विचारलं, तुझी आई काय गं घालते डाळीत? आणि बडदीचा चेहरा उजळला. ती सांगू लागली. कांदा चिरून तेलात लाल करते. कलौंजीचं काळं बी, तेही घालते. सुकी मिरची. मी आणि खुकी एकाच वाटीतून खातो आणि तळलेल्या कांद्यावरून भांडतो, खुकी चावते मला. मग बाबा म्हणतात, बोट आली बघा, आणि खुकी बघायला धावते तेवढ्यात मी सगळा कांदा खाऊन टाकते. हे सांगून बडदी खुदकन हसली.

तरूला बडदीच्या बहिणीचं नावही माहीत नव्हतं. खुकी म्हणजे नुसतं लहान पोर. ती कोण, जगली का मेली, कुठं दिली, काही नाही. एका घरात, एका चुलीवर, एवढी वर्षं; पण बडदीनं पाबन्याचा शब्द कधी काढला नव्हता. आठवण काढायची तर चवीची आठवण येणार, आणि मनातली चवही पाप. तेव्हा तिनं सगळंच पुरून टाकलं असणार, बहिणीसकट. तरूला पहिल्यांदाच बडदीची दया आली. आपण दोघी शेजारी शेजारी बसून एवढी वर्षं एकेकट्याच जेवलो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कांदा आणायला ती शेजारच्या केतकीकडं गेली. केतकी पालांची सून, तोंडाळ पण मनानं चांगली. तरूनं दारात उभं राहून, आत न येता, खालच्या आवाजात सगळं सांगितलं. तिला वाटलं, ही आता गालाला हात लावेल. केतकीनं भाजी चिरता चिरताच विचारलं, एवढंच ना? म्हणाली, "काकीमा, माझी सासू काय सधवा आहे? सासरे जाऊन आठ वर्षं झाली. मसूर खाते, कांदा खाते, परवा अंडंसुद्धा खाल्लं. आता कोण पाळतं हे?"

तरू उभीच राहिली. कोण पाळतं? म्हणजे भिंतीपलीकडं पाळणं कधीच थांबलं होतं. सगळ्या गल्लीत नियम मरून गेला होता, आणि या दोघी अजून त्याचं सुतक धरून बसल्या होत्या. कुणी येऊन सांगितलंही नाही. सांगणार कसं, बडदीच्या दारात उभं राहायची कुणाची छाती होती?

केतकीनं दोन कांदे दिले, कलौंजी पुडीत बांधून दिली आणि कृती सांगितली. भाजायची नाही, चार पाण्यांनी धुवायची, वर आलेला फेस काढायचा, मोहरीचं तेल चांगलं धुरावलं की फोडणी. आणि म्हणाली, मीठ चाखून बघा बरं का, मसुरीला मीठ कमी लागतं. तरू म्हणाली, आम्ही चाखत नाही. केतकी म्हणाली, मग कळणार कसं?

घरी येऊन तरूनं कांदा सोलायला घेतला. वरचं साल काढलं, खाली दुसरं. तेही साल असेल म्हणून काढलं, खाली तिसरं. केळफुलाची पानं काढत गेलं की शेवटी आत कोवळा गाभा सापडतो, तसं काहीतरी सापडेल म्हणून ती काढतच गेली आणि शेवटी तिच्या हातात काही उरलं नाही. मग भिंतीवरून केतकीला विचारलं. केतकी एवढी हसली की तिची सासू बाहेर आली. दुसरा कांदा तिनं नीट चिरला. बोटांना वास लागला तो लागला, राखेनं घासली तरी जाईना.

या खेपेला डाळ वेगळी दिसत होती. सैल, उजळ. तेलात कांदा लाल होऊ लागला तसा ओसरीभर असा वास सुटला की पलंगावर बडदीनं मान वळवली. तरूनं फोडणी डाळीवर ओतली, चर्र झालं, मिठाचे खडे टाकले, ढवळलं. आणि ती अडली. पळीवरून डाळ घसरत होती, पण हे घसरणं बरोबर की चूक, तिला कळेना. मीठ कमी की जास्त, कळेना. काल बडदीनं थुंकलं होतं. आज पुन्हा थुंकलं तर तिसऱ्यांदा ती तोंड उघडेल की नाही, देव जाणे. अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या.

तरूनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. मग पळीत थोडी डाळ घेतली, फुंकली, आणि तोंडात घातली.

"तरू! तोंडात काय घातलंस ते?"

तरूच्या हातातली पळी निखाऱ्यांवर पडली. बडदी पलंगावर ताठ बसली होती. डोळे तेच, पूर्वीचे, भिंतीपलीकडचं ओळखणारे.

"काय म्हणालात, बडदी?"

"तरू म्हणाले. बहिरी झालीस? थुंक आधी. माझी पाठ वळली की हे धंदे! कांदा चिरलायस तू, मला इथवर वास येतोय. मी म्हटलं माझी मती फिरेल, तर तुझीच फिरली? ऊठ, अंघोळ कर, गंगाजल शिंपड सगळीकडं. मी जिती आहे तोवर या घरात हे चालायचं नाही. मी मेल्यावर काय खायचं ते खा."

तरूच्या तोंडात डाळ तशीच होती. ती थुंकायला हवी होती, पण गिळली गेली. डोळ्यांना धार लागली. "चुकलं, बडदी," ती म्हणाली, आणि तिला आनंद मावेना. "पुन्हा नाही. तुम्ही बोला. आणखी बोला मला."

ती जाऊन पलंगाशी बसली, बडदीचे पाय धरले. तिला वाटलं, सासूबाई गेल्या तेव्हाचं काही बोलेल, अनादीचं विचारेल, निदान शिव्या तरी देईल. बडदी तिच्याकडं बघत होती. बघता बघता डोळ्यांतलं ते पाहणं ढिलं पडलं. ताठ पाठ उशीला टेकली. तिनं नाक वर केलं, वास घेतला आणि लाडात येऊन म्हणाली, "बामुनदी, भूक लागली."

तरू तशीच बसून राहिली. बडदीनं आत्ताच, शुद्धीवर असताना, पुन्हा एकदा नाही म्हणून सांगितलं होतं. आणि आत्ताच तिला भूकही लागली होती. दोन्ही तिनंच सांगितलं होतं, आणि ठरवायला दुसरं कुणी नव्हतं. तरू उठली. वाटी भरली, वरचा कांदा निवडून निवडून वाटीत घातला, भात कालवला आणि एकेक घास भरवू लागली.

बडदीनं तोंड फिरवलं नाही. ती चावायची, गिळायची आणि पाखराच्या पिलासारखं तोंड पुन्हा उघडायची. कांदा आला की डोळे मिटून घ्यायची. वाटी संपली. आणखी अर्धी खाल्ली. कित्येक दिवसांनी तिच्या पोटात अन्न गेलं. तरूनं तिचं तोंड पुसलं.

मग तरूनं मडक्यातली उरलेली डाळ त्याच वाटीत ओतून घेतली. बडदीच्या अगदी समोर, तिला नीट दिसेल अशी बसली. घास उचलला, हात मुद्दाम वर धरला आणि बडदीच्या डोळ्यांत बघत बघत सावकाश तोंडात घातला. तो गिळला. दुसरा घेतला.

"बघा बडदी," ती म्हणाली. "मसूर खातेय मी. कांद्याची."

बडदी बघत होती. तरू घास तोंडात धरून, कान देऊन थांबली.

बडदी गोड हसली. "खा की बामुनदी," ती म्हणाली. "पोटभर खा. आई तुला काही म्हणायची नाही."

तरूनं मान हलवली आणि ती खात राहिली.